आठव्या कडव्यातलं नाव

मी भटजी नाही, गवई नाही, आणि स्वतःला कवी म्हणवून घेण्याइतका निलाजराही नाही. तरी नगर जिल्ह्यातल्या कितीतरी मांडवांत माझ्या शब्दांवर अक्षता पडलेल्या आहेत. कारण अगदी साधं आहे. मी छापखान्यात कंपोझिटर होतो.

आता हा धंदा समजावून सांगावा लागतो, कारण माझ्या नातवाला छापायचं म्हणजे बटण दाबायचं एवढंच माहीत आहे. आमच्या वेळी शिशाची अक्षरं असत, त्यांना खिळे म्हणायचे. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी. मग ती पानं ट्रेडल मशिनवर चढवायची आणि पायानं मशिन हाणत एकेक कागद काढायचा. संध्याकाळी घरी जेवायला बसलो की आई म्हणायची, हात धुतलेस का? धुतलेले असायचे. शाई निघालेली नसायची.

नगरच्या एका बोळातल्या या छापखान्याचे मालक म्हणजे आमचे नाना. बिलबुकं, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल अशी रुक्ष कामं वर्षभर चालायची. पण लगीनसराई आली की नानांची कळी खुलायची. तेव्हा लग्नात मंगलाष्टकं छापून वाटायची पद्धत होती. गुलाबी नाहीतर पोपटी पातळ कागद, वर गणपतीचा ठसा, खाली आठ कडवी. प्रत्येक कडव्यात नवरा-नवरीच्या घरच्या माणसांची नावं गुंफलेली असायची. ही कडवी रचायला कुणी कवी येत नसे. नाना रचायचे, आणि त्यांच्या हाताखाली मी शिकलो.

नानांचं शिकवणं साधं होतं. ते म्हणायचे, "वसंता, मंगलाष्टकाची ओळ म्हणजे एस.टी.ची गाडी समज. एकोणीस अक्षरांची जागा. कुठं जाडा माणूस बसणार, कुठं बारका, ते ठरलेलं. आणि बाराव्या सीटनंतर गाडी थांबा घेते. तिथं म्हणणाऱ्यानं श्वास घ्यायचा. त्या थांब्यावर शब्द अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबकळता कामा नये."

एकनाथ हे नाव शहाण्यासारखं बसायचं. किसनराव मात्र त्या चालीत काही केल्या बसत नाहीत. त्यांचा किस्नराव करावा लागे, आणि जिल्ह्यात किसनराव काही थोडे नव्हते. त्यातून मानपान. एका चुलत्याचं नाव राहिलं तर तो पंगतीला बसत नसे. त्याला समजवायला जी मंडळी जात, ती येताना आमच्या छापखान्याचा उद्धार करत येत.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार असायची. पोळ्याच्या आधी एक शेतकरी आला आणि म्हणाला, बैलाचे उपकार मानणारं एक कडवं छापून द्या, झुलीवर चिकटवायचंय. नानांनी विचारलं, "बैल वाचणार आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "त्यो न्हाई वाचायचा. पन बाकीची वाचतील की." नानांनी हसत हसत लिहून दिलं. मला मात्र ते उत्तर पटलं. आपल्याकडे घरच्या माणसाला, मग ते दोन पायांचं असो की चार पायांचं, तोंडावर आभार मानायची सोय नाही. आईला कुणी धन्यवाद म्हटलं, तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. म्हणून माणसं आमच्याकडे येत. जे बोलता येत नाही ते चालीवर म्हणता येतं, हे आमच्या धंद्याचं खरं भांडवल होतं.

घोडेगावच्या एका लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथल्या एका पाहुण्यानं दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा कागद आणला, जुनी नावं खोडली, नवी लिहिली आणि म्हणाला, असंच्या असं छापा. आम्ही छापलं. त्यातलं एक जुनं नाव खोडायचं तो विसरला होता. दौलतराव. आवाज बरा म्हणून मला अशा लग्नांत मंगलाष्टकं म्हणायलाही बोलवत. मी तिथं माईकवर खड्या आवाजात दौलतरावांचा जयजयकार केला आणि सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडचे कुणी असतील. नवरीकडच्यांना वाटलं, नवऱ्याकडचे. दोन्हीकडून दौलतरावांसाठी टॉवेल-टोपी निघाली आणि घ्यायला कुणी उठेना. नंतर हसून हसून पुरेवाट झाली. मी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्हाला तर ठाऊक होतं हे नाव तुमच्यातलं नाही. मला थांबवलं का नाही?" तो म्हणाला, "मंगलाष्टक चालू असताना मधी थांबवत्यात व्हय? चुकलं तर चुकलं. पन अर्ध्यावर तोडलं तर जोडप्याला लागतं." हे त्याचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमची लगीनसराई नावालाच उरली. पूर्वेकडच्या गावांतली माणसं खडी फोडत होती, पाझर तलावाची माती वाहत होती. लग्नं व्हायची ती थोडक्यात. अशा दिवसांत तिसगावजवळच्या एका वाडीतून एकनाथ नावाचा तरुण आला. दुष्काळी कामावर तो मस्टर कारकून होता, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा. उन्हानं रापलेला, बोलायला कमी. स्वतःच्याच लग्नाची मंगलाष्टकं सांगायला आला होता.

"सात कडवी तुमची नेहमीची घाला," तो म्हणाला. "आठवं माझ्या आत्याचं पाहिजे."

नाना म्हणाले, "घालू की. आत्या-मावशा हर्षल्या असं काहीतरी घालतोच आम्ही."

"तसं न्हाई. तिच्या नावानं पाहिजे. आन मी म्हनतोय असं पाहिजे."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. त्याची आई त्याच्या जन्मानंतर लगेच गेली. आत्या, म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिनंच त्याला वाढवलं. घरचं दळण तिच्याकडे, त्यामुळे पोर जात्याशेजारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचं. जात्याची घरघर थांबली की जागं व्हायचं.

"रोज सकाळी मी शेकडो बायांची नावं मोठ्यानं वाचतो," एकनाथ म्हणाला. "हौसाबाई, पारूबाई, गयाबाई. परत्येक जन व्हय म्हनती. परवा वाचता वाचता माज्या ध्यानात आलं, माज्या आत्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलंच न्हाई. वडील हुते तवर ते आक्का म्हनायचे, तात्या आक्का म्हनतो, मी आत्या म्हनतो, गाव एकनाथाची आत्या म्हनतं. तिचं नाव सखूबाई हाय."

त्या दिवशी मी इतर कामं बाजूला सारून ते कडवं करायला बसलो. आई, जातं, मांडी सगळं भराभर जागेवर बसलं. अडलं ते नाव. सखूबाई हे नाव एकोणीस अक्षरांच्या त्या ओळीत एकाच ठिकाणी बसतं, आणि ते नेमकं थांब्यावर. 'सखू'ला श्वास संपतो आणि 'बाई' पुढच्या दमात येते. मी खूप खटपट केली. शेवटी झालं ते असं:

आई ना दिसली मला, परि दिली छाया जिने माउली,
जात्यापाशि निजावयास मजला मांडी जिची लाभली,
आत्या ती जननी म्हणूनच सखूबाई तुला वंदितो,
आशीर्वाद तुझा शिरी धरुनिया, कुर्यात् सदा मंगलम्!

नानांनी वाचलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव मोडलंस. थांब्यावर लोंबकळतंय."

"दुसरीकडे बसत नाही, नाना."

"मग राहू दे. शास्त्राला धरून नाही, पण राहू दे." नानांच्या तोंडून असं वाक्य मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

प्रूफ बघायला एकनाथ आला तो चुलत्याला घेऊन. हे भिकाजीतात्या. एकनाथाचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे घरचं सगळं तात्यांच्या हातात. माणूस भारदस्त, पण खुर्चीत बसायला अवघडणारा. म्हणाले, "वाचा की पावनं, आमाला कुठं बारीक अक्षर दिसतंय." मी चालीवर म्हणून दाखवलं. सात कडव्यांना ते मान डोलवत होते. आठव्याला त्यांची मान थांबली.

"ह्ये न्हाई छापायचं," ते म्हणाले.

"का तात्या?" एकनाथानं विचारलं.

"तुला ठावं हाय का ते."

"ती माजी आई हाय."

"आन माजी भन न्हाई व्हय?" तात्यांचा आवाज चढला. मग नानांकडे बघून त्यांनी तो खाली आणला. "मी काय आक्काचा वैरी हाय का, मालक? माज्या थोरल्या पोरीच्या हळदीत आक्कानं नुसता ताटाला हात लावला हुता. वर्साच्या आत पोरीचं तान्हं गेलं. गाव कुनाला बोललं? आक्काला. तवापासनं ती सोताहून मांडवात पाय ठेवत न्हाई. आता कर्न्यावरनं तिचं नाव घेतलं, आन उद्या ह्याच्या संसारात काय वंगाळ झालं, तर लोक तिच्याच नावानं खडे फोडतील. म्हातारपनी तिनं ते ऐकायचं व्हय?"

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, नानांनी त्याला चार शब्द सुनावले असते.

तात्या उठता उठता म्हणाले, "आन ते म्हननार तरी कोन? 'मला' काय, 'वंदितो' काय. ते नवऱ्यानंच म्हनायचं झालं. नवरदेव कुठं मंगलाष्टक गातो व्हय? त्या जागी दुसरं कायबी टाका."

दुसरं म्हणजे आमच्याकडे नद्यांचं एक कडवं कायम जुळवून ठेवलेलं असे. कुठं कमी पडलं की ते घालायचं. ज्या वर्षी वाडीला टँकरनं पाणी येत होतं, त्या वर्षीच्या मंगलाष्टकात मी साऱ्या नद्यांना आवाहन केलं. एकनाथानं टेबलावरचं आठव्या कडव्याचं प्रूफ उभ्या उभ्या दोनदा वाचलं, जागेवर ठेवलं आणि चुलत्यामागं निघाला. दारातून वळून एवढंच म्हणाला, "म्हनायला मात्र तुमीच या."

ते गेल्यावर मी त्या कडव्याचे खिळे सुटे करून परत खणांत टाकले. शिसं फार नसायचं, एका लग्नाचे खिळे दुसऱ्या लग्नाला लागत. आयुष्यात मी बरंच रद्दड छापलं आहे, आणि हे एक कडवं छापलं गेलं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

लग्नाच्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन मी एस.टी.नं तिसगावला उतरलो. तात्या स्वतः रस्त्यावर घ्यायला आले होते. हातात पाण्याचा तांब्या. त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी पुढं करणं म्हणजे काय, ते त्या भागातल्या माणसालाच कळेल. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं.

मांडव तरटांचा. आंब्याचा एक डहाळा कुठून तरी मिळवून दाराला बांधलेला. लिंबाच्या झाडावर लाउडस्पीकरचा कर्णा. मांडवामागं, वाऱ्याच्या आडोशाला चुलाण पेटवलेलं होतं आणि एक उंच, वाळकी म्हातारी मोठ्या कढईत लापशी हलवत होती. कपाळ मोकळं. मी वाढपी पोरांना विचारलं, त्या कोण? उत्तर आलं, "ती व्हय? एकनाथाची आत्या." मांडवात तरटाला एक फट होती, तिथून तिला नवऱ्याचा मुंडावळ्या बांधलेला माथा दिसत असावा. ती मधून मधून तिकडं बघायची आणि लगेच कढईकडं वळायची.

मुहूर्त भरला. अंतरपाट धरला. भटजींनी सुरुवात केली आणि मग माईक माझ्या हाती आला. एकेक कडवं होत गेलं. सोयरे, व्याही, मामा सगळे ओळीनं बसले, कुणी राहिलं नाही. दर 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. सातवं संपलं. नद्यांचं कडवं उचलायला मी श्वास घेतला.

तेवढ्यात अंतरपाटाच्या अलीकडून आवाज आला. "आई ना दिसली मला..."

एकनाथ म्हणत होता. चाल म्हणाल तर जेमतेम होती. तलावाच्या बांधावर उभं राहून शेकडो माणसांना ऐकू जाईल असा तो हजेरीचा आवाज, सपाट आणि मोठा. भटजींनी चमकून पाहिलं. बायकांत कुजबुज झाली. नवरदेव म्हणतोय! मी काही फार केलं नाही. हातातला माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

तात्या अंतरपाटाच्या टोकाशी उभे होते, मुठीत अक्षता. दुसऱ्या ओळीला ते एक पाऊल पुढं आले. मला वाटलं, आता हे तोडणार. पण पाऊल तिथंच थांबलं. मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी अक्षतांचे हात कपाळाशी नेले होते. चालू मंगलाष्टक कोण थांबवणार?

"आत्या ती जननी म्हणूनच सखू..." इथं त्याचा दम संपला. व्हायचाच होता, ती जागाच तशी. तो थांबला. 'खू' कर्ण्यात घुमत राहिला. मागं कढईत चाललेली उलथण्याची खरखर बंद पडल्याचं मला जाणवलं. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. "...बाई तुला वंदितो!"

चौथी ओळ त्यानं घाईनं संपवली. भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि सगळ्या मांडवानं सखूबाईच्या नावावर अक्षता टाकल्या. तात्यांची मूठ सर्वांत शेवटी उघडली. पण उघडली.

वाजंत्री सुरू झाली तशी तात्यांनी चुलाणाची वाट धरली. मला राहवेना, मी पाणी पिण्याच्या निमित्तानं मागोमाग गेलो. दोघं समोरासमोर उभी राहिली.

"मी न्हाई सांगितलं त्याला, भिका," ती म्हणाली. "देवाशपथ."

"मला ठावं हाय. आन ते उलथनं हिकडं. मांडवात जा, आक्का."

"लापशी लागंल खाली."

"मी हालवतो म्हनलं ना."

तात्या खरंच धोतर सावरून कढईपाशी बसले. जिल्ह्यात नवऱ्या मुलाचा चुलता लग्नात लापशी हलवताना मी तरी दुसरा पाहिला नाही. पण ती मांडवात गेली नाहीच. सवय एका कडव्यानं मोडत नाही. शेवटी नवरा-नवरीच तिथं आली. एकनाथ वाकला. नवरी वाकली तेव्हा सखूबाईंचा हात वरच्या वर थांबला. ती पोर कोणाची, काय विचाराची, मला माहीत नाही. तिनं ओळखलं असावं. तिनंच डोकं वर करून त्या हाताला लावलं. तात्यांनी ते बघितलं आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले. माझ्याकडे निमित्त नव्हतं, मी तसेच पुसले.

पंगती उठल्या. नगरची गाडी गाठायची म्हणून मी निरोप घ्यायला गेलो. चुलाणाची धग उतरली होती आणि सखूबाई निखारे आवरत बसल्या होत्या.

"पावनं, तुमीच जुळवलं व्हय ते?"

"हो आत्या."

"माजं नाव येवढं लांब हाय, मला ठावंच न्हवतं," त्या म्हणाल्या. "कुनी पुरतं घेतलंच न्हाई कधी." मग इकडंतिकडं बघून हळूच, "येकडाव म्हना की."

मी तिसरी ओळ म्हटली. माईक नव्हता, वाजंत्री नव्हती. "आत्या ती जननी म्हणूनच सखू..." असं म्हणून मी नेहमीप्रमाणे श्वासाला थांबलो.

त्यांनी निखाऱ्यांवरची नजर हलवली नाही. पण त्या थांब्यावर, माझा श्वास पुरा व्हायच्या आत, त्याच म्हणाल्या, "बाई."

मग मी उरलेलं कडवं म्हटलं आणि गाडीला निघालो.